तुमचा फोन अद्ययावत आहे

हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं आहे, की आता ते दुसऱ्या कुठे छापलेलं दिसलं तरी माझ्या कपाळाची शीर उडते. सेटिंगमध्ये जायचं, खाली सरकायचं, 'अपडेट तपासा' दाबायचं. टिंबं गोल फिरायची आणि मग स्वच्छ मराठीत उत्तर यायचं : तुमचा फोन अद्ययावत आहे.

पोलादपूरला शाळेत असताना आमच्या मराठीच्या बाईंनी हा शब्द फोडून शिकवला होता. अद्य म्हणजे आज, यावत् म्हणजे पर्यंत. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं. माझ्या फोनच्या कंपनीने त्या फोनकडे बघणं कधीच सोडलं होतं, आणि तो फोन मला रोज सांगत होता की तो आजपर्यंतचा आहे. खोटं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, त्याच्याशी भांडता येतं. पण असं खोटं लिहून ठेवून निघून गेलेल्या कंपनीशी कसं भांडायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घरात मी पहिली कॉलेजात गेलेली. कंपनीवर रागावणारीही बहुधा पहिलीच.

हे सगळं लिहावं की नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. फोनसारख्या वस्तूवर कोण एवढं लिहितं? पण गोष्ट फोनची नाही. माझ्याशी एकटीने बोलायला माझ्या आईकडे एकच जागा होती. ती जागा त्या फोनात होती आणि ती गेली.

आमची वाडी कुडपणच्या बाजूला, पठारावर. बाबा मुंबईत एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कामाला. मी बारावीनंतर महाडला कॉलेजात नाव घातलं आणि एका खोलीत मैत्रिणीबरोबर राहू लागले, तेव्हा बाबांनी दोन फोन आणले. एक मला, एक आईला, दोन्ही अगदी सारखे. "ऑफिसात सगळे ह्याच कंपनीचं वापरतात. मोठी कंपनी हाय. उद्या उठून पळणार नाय," बाबा म्हणाले होते. कंपनी पळाली नाही, हे खरंच आहे. ती आहे तिथेच आहे आणि आणखी मोठी झाली आहे.

त्या फोनचा पडदा चौकोनांचा होता. चौकोन हवा तिथे ठेवायचा, हवा तेवढा मोठा करायचा. माणसाचा फोटोसुद्धा चौकोन करून लावता यायचा. त्याच्यावर बोट ठेवलं की थेट त्याच माणसाला बोललेला निरोप. आईला वाचता येत नाही. पण मिसळणाच्या डब्यात हळद कुठे, मोहरी कुठे, हे तिला न बघता कळतं. पहिल्या दिवशी फोन हातात घेऊन ती म्हणाली, "ह्या वाट्या हायत होय!" तेव्हापासून ते चौकोन नव्हते, वाट्या होत्या. मधली मोठी वाटी माझी. तिच्या शेजारी बाबांची. खाली टॉर्चची, आणि तिच्या बाजूला आवाज नोंदवून ठेवायची. ती मी लेक्चर नोंदवायला माझ्या फोनवर लावली होती आणि दोन्ही फोन सारखे दिसावेत म्हणून आईच्याही फोनवर लावून दिली होती.

वाडीत आमच्या कार्डाला रेंज नाही. गुरं घेऊन पठाराच्या कडेला गेलं, की खालची दरी उघडते आणि तिथे रेंज येते. आई म्हशी चरायला सोडून त्या कडेवर बसायची, माझ्या वाटीवर बोट ठेवायची आणि बोलायची. आधी हाक मारायची. आमच्याकडे दरीपलीकडच्या माणसाला हाक घालतात तशी, लांब : "गो बाऽऽय!" मी तिला किती वेळा सांगितलं, आई, हळू बोललं तरी पोचतं. ती म्हणायची, "महाड लांब हाय." मी बसमध्ये कानाला फोन लावला की आजूबाजूचे एमआयडीसीतले कामगार माझ्याकडे वळून बघायचे.

घरात आई बोलत नाही. थोरले काका, काकू आणि आम्ही एकाच अंगणात. काका बोलतात, आई भाकऱ्या थापते. मला लहानपणी वाटायचं, आईला मतंच नाहीत. ती कडेवरून बोलायला लागली आणि मला कळलं की माझी आई विनोदी आहे. "बाय, तुझ्या काकूने आज केस काळे केले. अर्धा कानपण काळा हाय. म्हस बुजली." एकदा म्हणाली, "तुझी ती केमेस्ट्री झाली काय पाठ? नाय झाली तर मला सांग, म्हशीला शिकवते, ती तरी पास व्हईल." आणि कधी मधेच, वाऱ्याच्या आवाजात, "मला बी चौथीपर्यंत जायचं होतं गो. नाय जाऊ दिलं." हे तिने मला समोरासमोर कधीही सांगितलं नसतं. तिच्याकडे बघणारं कुणी नसलं, की मगच ती असं बोलू शकायची.

आता कंपनीबद्दल सांगते. पहिल्या वर्षी कॉलेजचं अ‍ॅप आलं. सगळ्यांच्या फोनवर उतरलं, माझ्या फोनवरच्या अ‍ॅपच्या दुकानात ते नव्हतंच. वेळापत्रक मैत्रिणीच्या फोनवरून बघायचं. मग बँकेचं अ‍ॅप बंद पडलं. मग एसटीचं. अ‍ॅपच्या दुकानात रोज एखादी तरी वस्तू कमी झालेली असायची. जोडाक्षरं फुटायला लागली, 'पोलादपूर' नीट दिसायचं पण 'महाराष्ट्र' तुकडे होऊन यायचं. प्रत्येक वेळी मी आशेने अपडेट तपासायची, आणि प्रत्येक वेळी फोन म्हणायचा, मी अद्ययावत आहे.

मी महाडच्या बाजारपेठेतल्या मोबाइलवाल्याकडे गेले. त्याने फोन उलटसुलट केला आणि हसला.

"ताई, हा फोन नाहीये. हे अनाथ पोर आहे."

"म्हणजे?"

"आईबापाने टाकलंय ह्याला. कंपनीने हात काढलाय. मी काय दूध पाजू?"

"पण ह्याला झालंय काय? चालतोय तर चांगला."

"तेच तर. मरत पण नाही बिचारा."

दुकानातले दोघे हसले. मीही हसले, कारण अशा वेळी काय करायचं ते मला सुचत नाही. बाहेर आल्यावर मात्र रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला.

मग मी कस्टमर केअरला फोन लावला. आधी बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी हिंदीत बोलली, आवाजाने माझ्याच वयाची. मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅम, सेटिंग में जाके अपडेट चेक कीजिए." मी म्हटलं, केलं. "क्या दिखा रहा है, मॅम?" मी वाचून दाखवलं. ती खूश होऊन म्हणाली, "तो फिर आपका फोन अपडेटेड है, मॅम. और कोई सहायता?" मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिच्या मागे तिच्यासारख्याच पन्नास मुलींचा गलका ऐकू येत होता. मी "नाही, थँक्यू" म्हटलं. मी थँक्यू म्हटलं, ह्याची मला अजूनही चीड येते.

शेवटी एक दिवस निरोपांच्या अ‍ॅपनेच पाटी लावली. ह्या महिन्यानंतर ह्या फोनवर हे अ‍ॅप चालणार नाही. कारण हेच, की फोनची प्रणाली जुनी झाली, तिच्या कंपनीने तिला वाऱ्यावर सोडलं, मग आम्ही तरी का सांभाळावी.

बाबांना फोन करून सांगितलं तर ते गोंधळले. "पण फोनला काय झालंय? काच फुटली काय?"

"नाही."

"चार्ज होत नाय?"

"होतो, बाबा."

"मग बंद कसा होईल? चालू हाय तर बंद कसा होईल?"

आमच्या घरात चालणारी वस्तू टाकत नाहीत. कोयत्याची मूठ गेली तर मूठ बदलतात, पातं लोहाराकडून पुन्हा शेवटून, धार काढून आणतात. नांगराचा फाळ झिजेपर्यंत वापरतात. मोडलेली वस्तू टाकायला लागली तर तिच्याबद्दल वाईट वाटतं. पण धडधाकट वस्तू लांबूनच मारून टाकायची, आणि मारल्यावरही तिच्या तोंडून वदवून घ्यायचं की मी अद्ययावत आहे, ही रीत आम्हाला माहीत नव्हती. आमच्या वर्गातली मुलं म्हणाली, अगं, टेक्नॉलॉजी अशीच असते. टेक्नॉलॉजी अशी नसते. कुणीतरी माणसं बसून ठरवतात की ह्यात आता आपला फायदा नाही. त्या टेबलाभोवती बसलेल्या एकालाही माझ्या आईची वाटी माहीत नव्हती. माहीत असती तरी फरक पडला नसता, असंही वाटतं, आणि त्याने राग कमी होत नाही.

बाबांनी मला आणि आईला दुसऱ्या कंपनीचा एकेक नवा फोन पाठवला. तोंड धुतल्यासारखा गुळगुळीत. मी सुट्टीत जाऊन आईला शिकवत बसले. इथे अ‍ॅप उघडायचं, मग यादी दिसते, त्यात सगळ्यात वरचं नाव माझं. मी ते वर अडकवून ठेवलं होतं, हलू नये म्हणून. आईने पडद्यावर बोट फिरवलं.

"ह्यात वाट्या नायत."

"नाहीत. पण वरचं ते माझं. एवढं लक्षात ठेव."

"ह्यात सगळं सांडलेलं हाय गो," ती म्हणाली. पण शिकली. वरचं माझं. तिने तेवढी एकच खूण धरली आणि काही दिवस आमचं बोलणं चाललं.

त्याच सुमाराला काकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा दासगावच्या बाजूचा, एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत पाळीवर जाणारा. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. काकांनी मला फोनवर सांगितलं, "पोरगा औषधाच्याच कंपनीत हाय. तू पण औषधाचंच शिकतेस. जोडी आपोआपच जमली की!" मी म्हटलं, काका, मी केमिस्ट्री शिकते. ते म्हणाले, "तेच ते." घरात सगळे हो म्हणत होते. बाबा म्हणत होते, दादा बघतील. आई काही म्हणत नव्हती, आणि मी तिच्या निरोपाची वाट बघत होते. तिचं काय म्हणणं आहे, हे कळल्याशिवाय मला नाही म्हणायचं बळ येत नव्हतं. हे मला तेव्हा कुणाला सांगता आलं नसतं.

एका शनिवारी दुपारी महाडच्या स्टँडवर उभी असताना फोन वाजला. निरोप आईचाच होता, पण माझ्या नावावर आलेला नव्हता. तो भावकीच्या ग्रुपवर आला होता. वाडीतली आणि मुंबईतली सगळी घरं ज्यात आहेत, त्या ग्रुपवर.

झालं होतं असं, की काकांच्या मुलाने आईच्या नव्या फोनवर तो ग्रुप घातला, आणि सप्ताहाचे निरोप आईकडून चुकू नयेत म्हणून सगळ्यात वर अडकवून ठेवला. त्याने चांगल्या मनाने केलं. माझं नाव दुसऱ्या ओळीत गेलं. आणि आईला एकच खूण माहीत होती, वरचं माझं.

मी निरोप उघडला. आधी वारा. मग हाक, "गो बाऽऽय!" आणि मग : "बाय, ऐक. भावजींनी दासगावचं आणलंय ते. तू हो म्हणू नको. सगळे म्हणतील, तू म्हणू नको. भावजींना सोताच्या पोराचं जमवता येत नाय, पोरी त्याला नाय म्हणतात, म्हणून तुझ्या मागे लागलेत. तुझं शिक्षण पुरं हो दे. घरात मी गप्पच बसणार, मला तिथं बोलता येत नाय. पण माझं नाय हाय, हे तुला ठाव असू दे."

तोपर्यंत खाली हसणारी तोंडं यायला लागली होती. कुणीतरी लिहिलं, 'काकू कड्यावरून लाइव्ह'. कुणीतरी हात जोडलेले टाकले. काकांच्या मुलाने काहीच टाकलं नाही. मी आईला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे म्हशी घेऊन ती परत निघाली होती, आणि तिला माहीत नव्हतं की ती कुठल्या घरात पाऊल टाकते आहे. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. ती बाई शांतपणे सांगत राहिली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने पोलादपूर, तिथून जीपने वर. ओटीवर काका बसले होते, बाबा मुंबईहून काकांच्या फोनच्या स्पीकरवर; काकांच्या कार्डाला ओटीवर रेंज येते. काकू आणि तिचा मुलगा दारात. आई चुलीपाशी, पाठमोरी.

"विचार तुझ्या बायकोला," काका फोनला म्हणाले. "साऱ्या भावकीत माझ्या पोराची लाज काढली."

"दादा, ते चुकीने गेलं असेल," बाबांचा आवाज. "नवीन फोन हाय. बटण चुकलं असेल. काय गो, चुकून गेलं ना?"

सगळ्यांना तेच हवं होतं. काकूही म्हणाली, "चुकूनच गो, तिला काय कळतं त्यातलं." आईने फक्त हो म्हणायचं होतं, आणि सगळंच चुकून झालेलं ठरलं असतं. निरोप, तिचं मत, तिचं नाही.

आईने फुंकणी खाली ठेवली आणि उठून दारापर्यंत आली. पदर नीट केला.

"बटण चुकलं," ती म्हणाली. "बोलणं नाय चुकलं."

घरात तिचा आवाज बारीक येतो. पण शब्द सगळ्यांना कळले. मग ती काकांच्या मुलाकडे बघून म्हणाली, "तुझं काढायला नको होतं. ते चुकलं." आणि परत चुलीपाशी गेली.

स्थळ मोडलं. मी कॉलेजात आहे. हे मी खोलीवर सांगितलं तेव्हा मैत्रीण म्हणाली, "म्हणजे झालं ते बरंच झालं की! एका अर्थी फोनमुळेच." मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारची काकू बघायला आली. मी सहसा ओरडत नाही. पण फोनमुळे काही झालेलं नाही. झालं ते माझ्या आईमुळे. तिला सगळ्या भावकीपुढे उघडं पाडून मगच ते तिच्याकडून करवून घ्यायची काही गरज नव्हती. तिने ते मला कडेवर बसून सांगितलं असतं, मी नाही म्हटलं असतं, तो नकार माझ्या नावावर गेला असता. माझं वाईट झालं असतं, तिचं नाही. आता काकूच्या घरून विरजण मागायला कुणी येत नाही. काका तिच्यासमोरून जाताना खाकरतात, बोलत नाहीत. एकाच अंगणात राहून हे रोज सोसायचं असतं, आणि ते मी महाडला बसून सोसत नाही, ती सोसते.

आणि आईने बोलणं बंद केलं. मी ग्रुप काढला, माझं नाव पुन्हा वर आणलं, शपथेवर सांगितलं की आता फक्त मलाच जाईल. ती म्हणाली, "मागं पण तसंच सांगितलंस." फोन कापडात गुंडाळून तिने फडताळात ठेवला. "ह्याला कान किती हायत ते कळत नाय," म्हणाली. बाबांशी बोलायचं असलं तर तेवढ्यापुरता कडेवर नेते. बरी हाय, जेवले, ठेवते.

पावसाळाभर मी परीक्षा आणि प्रॅक्टिकल करत महाडला होते, दिवाळीला वर गेले. दुसऱ्या दिवशी आई गोठ्यात शेण काढत होती. तिने हात धुतले, आत गेली, आणि जुना फोन घेऊन आली. तो चौकोनांचा. चार्ज केलेला, पुसलेला.

"ह्यातनं भायेर कुठं जात नाय ना आता?" तिने विचारलं.

"नाही. हा बंद आहे, आई. ह्यातून काहीच कुठे जात नाही."

"मग बरं," ती म्हणाली. "तुझी वाटी उघडत नाय. टॉर्चच्या बाजूची उघडते. त्यात बोलून ठेवलंय. ऐक."

टॉर्चच्या बाजूची वाटी म्हणजे आवाज नोंदवायची. मी गोठ्याच्या पायरीवर बसून ऐकायला लागले. आधी वारा, मग हाक, तीच, लांब, महाडपर्यंत जावी अशी. "गो बाऽऽय! तांबड्या म्हशीला ताप हाय. काय देऊ? तुझ्या केमेस्ट्रीत काय सांगितलंय काय?" तांबडी म्हैस आता गोठ्यात नव्हती. पुढच्यात : "ह्या रविवारी येशील काय? पिठलं करते." तो रविवार कुठला होता, ते मला आठवलं नाही. मी खोलीवरच असणार, फोन हातात घेऊनच. पुढच्यात ती माझ्या एका स्वप्नाबद्दल विचारत होती, जे मी विसरलेही होते. पुढच्यात नुसती म्हशींची घंटा, आणि शेवटी, "काय नाय. सहज."

सगळे प्रश्न मला विचारलेले. एकाचंही उत्तर देण्याची वेळ शिल्लक नव्हती. मला वाटलं, तो फोन दगडावर आपटावा. पण त्यातच ती होती. म्हणून मी तो घट्ट धरला आणि पुढचं लावलं.

आई शेणाची पाटी घेऊन माझ्या बाजूने गेली, परत आली.

"कुठवर आलीस?"

"श्रावणापर्यंत."

"अजून लय हाय," ती म्हणाली, आणि पाटी घेऊन पुन्हा आत गेली. "ऐक."